जवळा म्हणजे कोलंबी नव्हे

पित्त

माझ्या आजाराला पहिलं नाव मिळालं ते पित्त. ते आईने ठेवलं, सासूबाईंनी उचलून धरलं आणि मीही बरेच महिने तेच वापरलं. माणसाला अंगावर गांधी उठल्या की आपल्याकडे पित्तच होतं, दुसरं काही व्हायची सोयच नाही.

आम्ही दिवाळ्याचे कोळी. बेलापूरच्या खाडीवरचं गाव. वडील होते तोवर घरची होडी होती. आता होडी नाही, पण आई अजून मासळी घेऊन बाजारात बसते. माझं लग्न मात्र साताऱ्याकडच्या घरात झालं. सासरे माथाडी कामगार होते, त्यांनी सानपाड्याला घर घेतलं. ते गेले, आता तिथे मी, नवरा संदीप आणि सासूबाई राहतो. नोकरीला मी महाप्याला आहे, रंगाच्या कंपनीत, क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये. एका डब्यातली काडी दुसऱ्या डब्यात बुडाली तर अख्खी बॅच बाद करायची, हे माझं रोजचं काम. हे काम करणाऱ्या बाईच्या बाबतीत पुढचं सगळं घडलं, हे लक्षात ठेवा म्हणजे तुम्हाला स्वतःबद्दल फार वाईट वाटणार नाही.

पहिल्यांदा झालं ते मे महिन्यातल्या एका रविवारी, आईकडे. कोलंबीचं सुकं होतं, तांदळाची भाकरी होती. हात धुतला आणि तळवे खाजायला लागले. मग कानामागे, मग मांड्यांवर गांधी. आईने आमसुलं भिजत घातली, अर्धं पाणी मला पाजलं आणि अर्धं अंगाला चोळलं.

“पित्त हाय ते बाय, उतरंल. उनात फिरतंस ना, म्हनून.”

सानपाड्याला आले तर सासूबाईंनी माळ्यावरून घोंगडं काढलं. “आगं, पित्त उठलंय. ह्ये पांघरून गप पड. घाम आला की बसतंय.” मी अंगाला आमसूल फासलेल्या अवस्थेत, मे महिन्यात, घोंगड्याखाली पडून राहिले. संध्याकाळपर्यंत गांधी बसल्या. त्या आपसूक बसणारच होत्या, पण दोन्ही घरी श्रेय वाटून घेतलं गेलं, आणि आपापला उपाय लागू पडला याबद्दल दोघींना आजही शंका नाही.

त्यानंतर कोलंबी खाल्ली की ओठ चुरचुरायचे. यंदाचा मसाला तिखट झालाय, असं मी आईला सांगितलं. आईला ते लागलं. तिचा मसाला गेली कित्येक वर्षं त्याच मिरचीचा, त्याच मापाचा आहे.

थंडीतला एक रविवार

दुसरी वेळ थंडीत आली, तीही आईकडेच. या वेळी क्रम वेगळा होता. आधी पोटात कळ आली, मग गांधी, आणि मग आवाज बदलला. मी आईला पाणी मागितलं आणि माझाच आवाज मला कोणा दुसऱ्या बाईचा वाटला. घशात काहीतरी अडकलंय असं वाटत होतं. आई आमसुलं शोधत होती. संदीपने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गाडीची किल्ली घेतली.

मला पाम बीच रोडवरचे सिग्नल आठवतात. संदीप एकही सिग्नल तोडत नव्हता. चांगला माणूस आहे, कायदा पाळतो. मला बोलता येत नव्हतं, नाहीतर मी त्याला त्या दिवशी पहिल्यांदा शिव्या दिल्या असत्या. तिसऱ्या सिग्नलला त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग कुठेच थांबला नाही.

लोक विचारतात, भीती वाटली का? गाडीत नाही वाटली. गाडीत नुसती चीड आली होती. भीती वाटली ती नेरुळच्या रुग्णालयात, मांडीत इंजेक्शन दिल्यानंतर, घसा मोकळा व्हायला लागल्यावर. हात कापत होते, छाती धडधडत होती. नर्स म्हणाली ते औषधाने होतंय, काही नाही. ती केरळची होती. तिने माझा हात धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने शेजारच्या पेशंटचा बीपी घेतला. तो हात तिने काम संपेपर्यंत सोडला नाही.

रात्रभर त्यांनी ठेवून घेतलं. पुन्हा उलटू शकतं, म्हणाले. रुग्णालयातल्या दिनक्रमाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दर थोड्या वेळाने कोणीतरी येऊन श्वास मोजतं, आणि आपला श्वास कोणी मोजतंय म्हटल्यावर तो नीट घ्यायचा कसा हेच आपण विसरतो. सकाळी चहा आला. त्या चहाला चव नव्हती, आणि मी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

टिंबं

काही आठवड्यांनी तपासणी झाली. हाताच्या आतल्या बाजूला पेनाने खुणा करतात, प्रत्येक खुणेपाशी एकेका पदार्थाचा थेंब ठेवतात आणि बारीक टोचतात. मग बसायचं आणि हाताकडे बघत राहायचं. मला हे आवडलं. लॅबमध्ये आम्ही रंगाचे पट्टे असेच वाळायला ठेवतो. दूध, अंडं, शेंगदाणा, गहू, सगळी टिंबं शांत होती. कोलंबीचं टिंब मात्र फुगत गेलं, आठ आण्याएवढं झालं, वर त्याला कडेने पाय फुटले. शेजारी खेकड्याचंही उठलं. निकाल वाचायला डॉक्टरची गरज नव्हती.

आमच्या डॉक्टर बाई अकोल्याकडच्या. नेमकं आणि कमी बोलणाऱ्या.

“प्रॉन्स, क्रॅब, लॉब्स्टर कायमचे बंद,” त्या म्हणाल्या. “थोडंसं, चवीपुरतं, असं काही नाही. बाकीचे मासे तुम्हाला चालतील.”

“पण मी लहानपणापासून खातेय.”

“होतं असं. मोठेपणी सुरू होतं.”

“का?”

“ते नक्की सांगता येत नाही.”

मला हे उत्तर पटलं. ज्याला कारण माहीत नसतं आणि जो तसं सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा असं माझं मत आहे. लॉब्स्टरचं मला दुःख नव्हतं. शेवंड आम्ही विकतो, खात नाही, तेवढी ऐपत कोणाची. चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, वाईट वाटलं. कोलंबीचं इतकं वाटलं की रुग्णालयाच्या जिन्यात मी थोडा वेळ बसले.

आईला सांगणं

आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “येरी झाली काय तुजी डाक्टरीन? कोलबीनं कोलनीला काय व्हतं?”

मी हातावरची सुकलेली टिंबं दाखवली. तिने ती नीट पाहिली. मासळी ताजी आहे का हे बघताना ती कल्ले उचलून बघते, तशी. मग उठून बाहेरच्या ओट्यावर गेली, कोणी ऐकत नाही ना ते पाहून परत आली.

“कोनाला सांगू नको. गिऱ्हाईक काय बोलंल? हिची पोरच मासली खाऊन हास्पिटलात गेली, ही आमाला काय विकते?”

“आई, मासळी खराब नव्हती. माझ्या अंगातच—”

“मना समजलं गं. गिऱ्हाईकाला कोन समजावंल?”

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मला वाईट वाटलं ते गिऱ्हाइकांमुळे नाही. तिच्या डोळ्यांत मला लाज दिसली, आणि ती माझी लाज होती. पेरणाऱ्याच्या पोराला मातीचं वावडं असावं, तसं काहीतरी मी करून बसले होते. गावात सांगायचं नाही असं ठरलं. गावात कोणी विचारलं तर मला पित्त होतं.

सासूबाईंना मात्र आनंद झाला. त्यांनी तो लपवायचा प्रयत्न केला, पण तो लपत नव्हता. “आमच्याकडं बघ, मटनानं कधी कुनाला कायतरी झालंय का?” त्यांच्या घरात सुकी मासळी कधीच आली नाही, वासाने त्यांचं डोकं उठतं. ओली मासळीही संदीपच्या हट्टामुळे, तीही खिडक्या उघडून. आता तीही बंद झाली. मुलीला माहेर सुखाचं आणि सासर सांभाळून राहायचं, असं जगात आहे. माझं बरोबर उलटं झालं. सासरच्या स्वयंपाकघरात मी डोळे मिटून जेवू शकत होते.

संत्री

डॉक्टर बाईंनी इंजेक्शन जवळ बाळगायला सांगितलं. काचेची छोटी कुपी, सुई, आणि किती घ्यायचं याची खूण केलेली सिरिंज, एका पेन्सिलीच्या डब्यात. कुपीची मान मोडून औषध ओढून घेणं मला जड गेलं नाही, लॅबमध्ये अशी कामं हाताखालून जातात. प्रश्न संदीपचा होता. मी बेशुद्ध पडले तर त्याला करावं लागणार.

आम्ही संत्र्यावर सराव केला. तो सुई संत्र्यापर्यंत आणायचा आणि डोळे मिटायचा.

“डोळे उघडे ठेव. माझ्या मांडीऐवजी खुर्चीला देशील.”

“टेन्शन नको देऊ ना यार. संत्र्याला काही होत नाही, तुला होईल.”

“मला आधीच झालेलं असेल.”

हे ऐकून तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला. मी विनोद करत होते. तो करत नव्हता. पाम बीच रोडवर पहिले दोन सिग्नल आपण थांबलो, हे त्याच्या मनातून गेलेलं नव्हतं, आणि मला ते तोवर कळलं नव्हतं. ॲलर्जी झालेल्या माणसाला निदान काय चाललंय ते आतून कळतं. शेजारच्याला नुसतं बघावं लागतं. त्या दिवशी त्याने पुरती पिशवी टोचून काढली. सासूबाईंनी मग त्याच संत्र्यांचा रस काढायला घेतला, तेव्हा आम्ही दोघं ओरडलो.

वांग्याची भाजी

तर मी कोलंबी सोडली, चिंबोरी सोडली आणि तीन-चार महिने उत्तम गेले. रविवारी आई मला पापलेट तळून घालायची, बोंबलाचं कालवण करायची. तवा वेगळा ठेवला होता. मी सगळ्यांना सांगत होते की हे अवघड नाही, फक्त शिस्त पाहिजे.

शिमग्यानंतर एकदा आईने भावाबरोबर डबा पाठवला. मी फोन केला. “कोलंबी नाही ना यात?”

“नाय गं. वांग्याची भाजी हाय.”

दुपारी महाप्याला कॅन्टीनमध्ये डबा उघडला. वांग्याची भाजीच होती. आईच्या हातची, बटाटा घातलेली, आणि वर जवळा. जवळा मी पाहिला. हे मी मुद्दाम सांगते, कारण लोकांना वाटतं तो लपून राहिला असेल. लपला नव्हता. मूठभर गुलाबी जवळा भाजीत लख्ख दिसत होता आणि मी तो पाहून, वास घेऊन, खूष होऊन खाल्ला. सासरी सुकी मासळी वर्ज्य, त्यामुळे किती महिन्यांनी मिळत होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जवळा म्हणजे नखाएवढी, केसासारखी बारीक कोलंबी, उन्हात वाळवलेली. हे वाक्य लिहिताना मला आजही चुकल्यासारखं वाटतं, कारण आमच्यात जवळ्याला कोणी कोलंबी म्हणत नाही. कोलंबी म्हणजे कोलंबी. करंदी म्हणजे करंदी. सुकी आंबाड वेगळी, सोलून सुकवलेले सोडे वेगळे. प्रत्येकीचा भाव वेगळा, दिवस वेगळे, कालवण वेगळं. आणि जवळा तर मासळीतही धरत नाहीत. तो लसणासारखा. वांग्यात, वालात, काहीच नसेल तर नुसत्या कांद्यात, एक मूठ टाकायची. डॉक्टर बाईंनी प्रॉन्स म्हटलं तेव्हा त्यांच्या मनात कोलंबीचं अख्खं कूळ असणार, आणि माझ्या मनात आली ती एकटी, मोठी, साल काढलेली कोलंबी. विदर्भातल्या बाईने एक नाव घेतलं, कोळणीने एकच मासळी सोडली. ज्याला मासळीतलं काही कळत नाही अशा माणसाने ही चूक केली नसती.

तळवे खाजले तेव्हा मला पटेनाच. मी भाजीकडे बघत बसले, यात कोलंबी कुठून आली म्हणून. मग पोटात तीच कळ आली. मी पर्स घेतली, लॅबमध्ये गेले, माझ्या सहकारी फातिमाला म्हटलं, “गाडी काढायला सांग, मला हॉस्पिटलला जायचंय.” आणि कुपी मोडली. हात स्थिर होता. सलवारीवरूनच मांडीत सुई दिली आणि फरशीवर आडवी झाले. फातिमाने माझे पाय रंगाच्या रिकाम्या बादलीवर ठेवले. तिला ते कोणी सांगितलं होतं देव जाणे. छताच्या ट्यूबलाइटकडे बघताना माझ्या मनात एकच विचार आला. आईने मला फसवलं. तो विचार मी लिहून ठेवते, कारण तो आला होता.

रुग्णालयात आई संध्याकाळी आली. मासळीची पाटी बाजारातच कोणाकडे तरी टाकून आली होती. पलंगापासून लांब उभी राहिली.

“मी कोलबी टाकली नवती बाय. शपत घेते. नुसता जवला टाकलेला, मूठभर.”

डॉक्टर बाई तिथेच होत्या. “जवला म्हणजे काय?” त्यांनी विचारलं.

आईने सांगितलं. बाईंनी ऐकलं, डोळे मिटले आणि उघडले. “आजी, ती पण कोलंबीच आहे.”

“जवला म्हंजे कोलबी नाय,” आई म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा म्हणाली, पण या वेळी अर्ध्यातच थांबली.

लांबचं माहेर

त्यानंतर खरी पंचाईत झाली. जवळा, करंदी, आंबाड, सोडे, सगळं गेलं, ते तर ठीक. पण बाईंनी सांगितलं की उकळत्या कोलंबीची वाफ आणि सुक्याची धूळही त्रास देऊ शकते, सगळ्यांना नाही, काहींना. आधी दर रविवारी जाऊन काही झालं नव्हतं, आता मी त्या काहींत निघाले. मास्क लावून दिवाळ्याला गेले एकदा. गल्लीत जवळा वाळत पडला होता, कोणीतरी झाडूने तो ओढत होतं. मी आईच्या ओट्यापर्यंत पोचले तोवर डोळे सुजले होते आणि छातीत घरघर होती. तशीच परत फिरले. आई ओट्यावर उभी होती, हातात माझ्यासाठी पाण्याचा तांब्या.

घरचा स्वयंपाक बदलता येतो. गल्ली कशी बदलणार? अख्ख्या गावाच्या पोटाचं साधन तिथे उन्हात पडलेलं असतं. मी कोणाला काय सांगणार, आणि मला तर पित्त होतं.

मग आई सानपाड्याला यायला लागली. बाजार आटपून, घरी जाऊन, आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून. एवढं करूनही वर यायची नाही, सोसायटीच्या बागेत बाकावर बसायची. मी खाली जायचे. ती बाकाच्या त्या टोकाला, मी या टोकाला. डब्याबिब्याचा विषय नाही. पहिल्यांदा ती केळी घेऊन आली, कारण सालीच्या आत तिचा हात लागलेला नसतो.

सासूबाईंनी हे वरून पाहिलं. दोन-तीन वेळा पाहिलं. मग एक दिवस खाली उतरल्या आणि आईला म्हणाल्या, “विहीनबाई, वर चला. हितं काय पावन्यावानी बसताय? माझ्या नाकाचं मी बघंन.”

आई वर आली. चहा प्यायली. जाताना कप धुऊन पालथा घालून गेली आणि बसलेली खुर्चीसुद्धा ओल्या फडक्याने पुसून गेली. सासूबाई मला म्हणाल्या, “असं नको करू म्हन तिला.” मी आईला म्हटलं नाही. मला म्हणता आलं नाही.

जे लोक नव्याने या आजारात पडलेत, त्यांना मी इतकंच सांगेन. पदार्थ सोडणं जमतं. जिभेला वर्षभरात सवय होते. आपल्याला वाढणारे हात मात्र एकाएकी घाबरून मागे जातात, आणि ते जेव्हा जातात तेव्हा आपल्याला एखादा पदार्थ वर्ज्य झाला असं वाटत नाही, आपणच वर्ज्य झालो असं वाटतं. हे कोणी मला आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी फार फरक पडला नसता, पण निदान मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले नसते, बाहेर सरळ रडले असते. मी दिवाळ्याला पुन्हा कधी राहायला जाईन, हे मी मनातल्या मनात सोडून दिलं होतं.

गौर

भाद्रपदात आईचा फोन आला. “गौरीला येयाचा हाय तुला.”

आमच्यात गौर म्हणजे माहेरवाशीण. माहेराला आलेल्या मुलीला तिच्या आवडीचं जेवण, म्हणून पूजेच्या दिवशी तिखटाचा, म्हणजे मासळीचा, नैवेद्य. तिला चिंबोरी लागतेच. आणि घरोघरचा नैवेद्य घरोघरी फिरतो. एकीच्या गौरीचं ताट दुसरीच्या घरी, दुसरीचं तिसरीच्या. त्या दिवशी दिवाळ्यात कोलंबी आणि चिंबोरी नसलेली हवा मिळणार नाही.

“आई, मला कसं जमेल?”

“पावसाचा जवला कोन सुकवते? गल्ली धुतलेली हाय. घराचा मी बघते. तू ये.”

संदीप आणि मी गेलो. तो पेन्सिलीचा डबा शर्टाच्या खिशात घेऊन. पाऊस थांबला होता, गल्ली खरोखर धुतलेली होती. घरात पाऊल टाकलं तर गल्लीकडच्या खिडक्या बंद, खाडीकडच्या उघड्या. चुलीवर पापलेट आणि वडे. चुलतकाकी तिथेच मांडी घालून बसली होती आणि तिचा आईशी वाद चालू होता. तो बहुधा सकाळपासून चालू असावा.

“गौरीला चिंबोरी नाय? आजपोतूर असा झाला नाय. कोप व्हईल.”

आई वडा थापत होती. तिने मान वर केली नाही. “गौर कोनाची तरी पोरच हाय ना? माहेराला आली. जो खाल्ल्याव पोरीचा जीव जातो, तो कोन आय पोरीच्या पानात वारते?”

“तो तुज्या पोरीचा. गौरीचा काय?”

“औंदा दोगींना येकच.”

काकी उठून गेली. ती रागावली होती, आणि अजूनही थोडी आहे.

नैवेद्य दाखवला. मी जेवले. आईने नवीन पळीने वाढलं, आणि मी घास घेत असताना स्वतः घास घेतला नाही. पहिल्या पापलेटनंतर विचारलं, “खाजते काय?” नाही म्हटलं. वड्यानंतर पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर संदीप म्हणाला, “आई, तुम्ही जेवा. मी बघतोय तिच्याकडे.” तेव्हा ती जेवली.

दुपारी मला आतल्या खोलीत झोप लागली. त्या घरात मी किती महिन्यांनी आडवी होत होते. जाग आली ती दाराशी चाललेल्या बोलण्याने. आईने बाहेरचं दार लोटून घेतलं होतं आणि ती उंबऱ्यात बसली होती. गल्लीतल्या बायका ताटं घेऊन येत होत्या, ती एकेकीला बाहेरच थांबवत होती. दिवाळ्यात गौरीचं ताट दारातून परत पाठवणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. भांडण असलेल्या घरीसुद्धा कोणी पाठवत नाही.

“आत का नको गं?” एक बाई विचारत होती. आवाजावरून शेजारची, आईच्याच बाजूला बाजारात बसणारी.

“माझी बाय आत निजलीय. तिला चिंबोरी चालत नाय.”

“पित्त ना तिला? येक घास खाईल ती, परसाद हाय.”

“पित्त नाय. खाल्ली तर मरंल ती.” आई मोठ्याने बोलत होती. बाजारात भाव सांगते त्या आवाजात, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असं. “चिंबोरी नाय. कोलबी नाय. करंदी नाय, आंबार नाय, सोडे नाय. जवला पन नाय.”

“जवला पन?”

“जवला पन.”

“आन ती कोलनीची पोर?”

मी श्वास धरून पडून राहिले.

“हा, कोलनीची पोर,” आई म्हणाली. “माझी पोर. ताट तुज्या घरा ठेव, मी मागून येते तुझ्याकरं, आन तिकरंच खाते.”

मला रडू आलं. नळ सोडायला नळ जवळ नव्हता. मी तशीच पडून रडले आणि बाहेर आई पुढच्या बाईला तेच सगळं, त्याच क्रमाने, पुन्हा सांगायला लागली.